कुंडीआडची अकरा मिनिटं

मास्तर खरं तर कुणाचाच मास्तर नव्हता. कुठल्याशा क्लासमध्ये तीन महिने व्हिडिओ एडिटिंग शिकवलं, तेवढ्या भांडवलावर ही पदवी त्याने जन्मभर मिरवली. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक फिरती खुर्ची आणि ओठ पार झाकून टाकणारी मिशी, एवढाच त्याचा थाट. फिरती खुर्ची अर्थात त्याची. माझी प्लास्टिकची. सात वर्षं मी तिच्यावर बसून त्याचं काम केलं आणि सात वर्षं त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तोंडावर एकही नाही, हेही सांगून टाकते.

आवाज आणि चित्र जुळवणं हा आमचा रोजचा धंदा. लोक चित्र फोनवर घेतात, आवाज वेगळ्या माइकवर, आणि दोन्ही आमच्या गळ्यात मारतात. सुरुवातीला एक टाळी वाजवलेली असते. टाळीचा आवाज आणि हात आपटल्याचं चित्र एकावर एक बसवलं की झालं, असं मास्तर म्हणायचा. झालं कसलं डोंबल! फोनचं चित्र एका चालीने चालत नाही. कधी सेकंदाला तीस चित्रं, कधी अठ्ठावीस. सुरुवातीला जुळलेले ओठ दहाव्या मिनिटाला हुकायला लागतात, आणि शेवटी माणूस तोंड मिटून बसलेला आणि त्याचं बोलणं चालूच. इलाज सोपा आहे. आधी चित्राची चाल एकसारखी करून घ्यायची, मग टाळी जुळवायची, मग शेवटचं वाक्य तपासायचं. तासाभराचं काम. पण मास्तरने आयुष्यात कशाचाही शेवट तपासला असेल तर शपथ.

त्याचा इलाज वेगळा होता. कॉम्प्युटरवर ‘सौंदर्य’ नावाचं फोल्डर होतं. त्यात फुलांची कुंडी, खिडकीचा पडदा, वाहतं पाणी, कुणाचे तरी हात. ओठ हुकले की वर कुंडी टाकायची, खाली आवाज चालू ठेवायचा. ‘ओठच दिसले नाहीत तर कुणाला कळतंय?’ हे त्याचं सगळं शास्त्र. त्याची बायको एकदा डबा द्यायला आली तेव्हा म्हणाली, ‘घरी तरी वेगळं काय आहे? नळ गळला तर खाली बादली, भिंतीला भेग पडली तर वर कॅलेंडर.’ मास्तर मिशीतल्या मिशीत हसला. त्याला ते कौतुक वाटलं असावं.

एकदा तिशीतला एक माणूस फोनचं मेमरी कार्ड घेऊन आला. त्याचे वडील महिन्यापूर्वी वारले होते. जाण्याआधी त्यांनी परगावी राहणाऱ्या मुलीसाठी फोनसमोर बसून सव्वीस मिनिटं बोलून ठेवलं होतं.

‘ताईने अजून बघितलेलं नाही,’ तो म्हणाला. ‘बाबांचा चेहरा पूर्ण वेळ दिसला पाहिजे, बाकी काही नको.’

‘चेहराच दिसणार की! दुसरं काय दिसणार?’ मास्तर म्हणाला.

नवव्या मिनिटाला ओठ हुकले. ‘मास्तर, चाल एकसारखी करून घेते,’ मी म्हटलं.

‘तू मला शिकव आता! कुंडी टाक.’

टाकली. तेवढ्यावर माझं शौर्य संपलं. जिथे ओठ जास्तच हुकत होते तिथे तिथे टाकत गेले, एकूण अकरा मिनिटं. म्हातारा काय बोलतोय ते ऐकलंसुद्धा नाही, पडद्यावरच्या आवाजाच्या रेषा बघून फुलं डकवली. संध्याकाळी मास्तरने ‘पसारा नको’ म्हणत मूळ चित्र पुसलं. कार्डही पुसलं.

चार दिवसांनी सकाळी भाऊ-बहीण दोघं आली. ताई स्क्रीनसमोर बसली. मी आवाज मोठा केला, तर भाऊ म्हणाला, ‘राहू द्या. तिला ऐकू येत नाही. ती ओठ वाचते.’

जिच्यासाठी हा खटाटोप, तिला आवाज सेकंदभर काय, तासभर मागे असता तरी फरक पडला नसता! आम्ही नेमकं तेच झाकलं होतं जे तिला हवं होतं.

आठ मिनिटं ती हसत, डोळे पुसत बघत होती. मग कुंडी आली. ती थांबली, वाट पाहिली. कुंडी जाईना.

‘हे काय?’ ती म्हणाली.

मास्तर काहीतरी बोलला. तिने त्याच्या मिशीकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळली. ‘हे काय म्हणतायत?’

‘शोभेसाठी आहे म्हणतायत,’ मी सांगितलं.

‘मूळ द्या,’ भाऊ म्हणाला. मूळ नव्हतं. कार्डही कोरं निघालं. त्याच्याकडे दुसरी प्रत नव्हती. मास्तर हात झटकून म्हणाला, ‘आवाज आहे ना पूर्ण!’ इतका निर्लज्ज माणूस मी पाहिला नाही, आणि त्याच्या शेजारी सात वर्षं बसणारी मी कोण ते विचारू नका.

आवाज होता, हे मात्र खरं. भावाने हेडफोन लावले आणि ऐकलेलं तिला तोंडाने सांगू लागला. दुसऱ्याच वाक्याला त्याचे ओठ थरथरायला लागले, तिला काही वाचता येईना. मी हेडफोन घेतले, तिच्यासमोर बसले आणि म्हाताऱ्याच्या मागोमाग एकेक वाक्य बोलत गेले.

‘तू लहान होतीस तेव्हा मला राग आला की मी तोंड फिरवून बोलायचो. तुला कळू नये म्हणून. तुला वाटायचं, बाबा खिडकीबाहेर बघतायत. मी तुलाच बोलत असायचो, नको नको ते. चुकलं माझं, बाळा. म्हणून आज ठरवलंय, सगळं बोलून होईपर्यंत तुझ्याकडेच तोंड करून बसायचं.’

म्हातारा शब्दाला जागला होता. त्याच्या तोंडावर कुंडी मी ठेवली होती. माझा आवाज फाटला; तिला तो ऐकू येत नव्हता म्हणून बरं.

‘मला तेव्हाही कळायचं,’ ती म्हणाली. ‘त्यांची मान हलताना दिसायची ना मागून.’

मास्तर पुन्हा काहीतरी बोलला. या वेळी तिने काय म्हणून विचारलं नाही. त्याला फिरत्या खुर्चीवरून उठवलं, खुर्ची खिडकीपाशी उजेडात ओढली आणि मला तिच्यावर बसवलं.

‘पुढचं सांगा,’ ती म्हणाली. कुंडीआडची अजून दहा मिनिटं उरली होती.