खरा रंग दाखवणारा मॉनिटर

हार्ड डिस्क भरली की आम्ही जुन्या लग्नांचे व्हिडिओ उडवतो. किस्से मात्र उडवता येत नाहीत. वाडीतल्या आमच्या छोट्या स्टुडिओत ते साचतच जातात. नववीत शाळा सुटली आणि मी इथे व्हिडिओचे रंग जुळवायला शिकलो. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम मालक सुधाकरभाऊंचं. मी फक्त ऐकतो.

*

आमचा मॉनिटर हळूहळू निळसर होत गेला. चेहरे फिके वाटतात म्हणून मीही पिवळा थोडा थोडा वाढवत गेलो. रोज पाहणाऱ्या डोळ्याला काही कळलंच नाही.

मग एका वरपित्याने घरच्या टीव्हीवर लग्न पाहिलं आणि फोन केला, "सुधाकरभाऊ, साऱ्या वरातीले कावीळ झाली! आम्ही जेवणात असं काय खाऊ घातलं गा?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि रंग मोजायचं यंत्र मागितलं.

*

यंत्र म्हणजे पडद्यावर टेकवून ठेवायची एक डबी. पडदा लाल, हिरवा, निळा होत जातो. मॉनिटर कुठे चुकतो ते डबी मोजते आणि त्याप्रमाणे तो सुधारता येतो.

ते चालू असताना शेजारचा पंक्चरवाला डोकावला. "काय गा, ईसीजी काढून राहिला का?"

"हो."

"वाचते का मंग?"

*

भिंतीचा गुलाबी रंग पडद्यावर पडायचा आणि डोळा फसायचा. म्हणून भिंत राखाडी केली, खिडकीचे पडदेही राखाडी लावले. सुधाकरभाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, डबा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अवो, कोणी गेलं का?"

*

भिवापूरचे एक मिरचीचे व्यापारी जाहिरात करून घ्यायला आले. त्यांनी खिशातून मिरची काढून पडद्यावरच्या मिरचीशेजारी धरली. रंग तंतोतंत! मला फार बरं वाटलं. ते मात्र बराच वेळ बघत राहिले.

"रंग बरोबर हाये," ते म्हणाले, "पण तिखट कमी दिसून राहिली."

*

खऱ्या रंगाची एक अडचण निघाली. नवऱ्या मुलींचे रंगही खरेच दिसू लागले. दोन गिऱ्हाइकं रागावून दुसरीकडे गेली.

भाऊ म्हणाले, "अजून एक गेलं तर ही तुयी डबी विकून टाकतो. लोकायले खरं नाही, गोरं पाहिजे!"

डबी गेली की पुन्हा सगळा अंदाज.

तेव्हाच हिंगण्याच्या एक सासूबाई आल्या. सोबत सून आणि सुनेची आत्या. सून सावळी, तरतरीत.

"सून गोरी करून दे बाबू," सासूबाई म्हणाल्या. भाऊंनी माझ्याकडे डोळे वटारले.

मी हळदीच्या प्रसंगात चेहरा उजळला, पिवळेपणा काढला. सून पांढरीफटक झाली. सासूबाई खूष!

आत्या पुढे सरकली. "माय वं! हळद कुठी गेली? म्या सोताच्या हातानं माखली होती!"

"हळद ठेव, पोरगी गोरी कर," सासूबाई म्हणाल्या.

हळद तर चेहऱ्यावरच होती. ती परत आणली की सून सावळी. सून उजळली की हळद गायब. मी दोन-तीनदा करून दाखवलं.

"आई, काय ठेवायचं ते तुमीच सांगा," सून हळूच म्हणाली.

सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"बिनहळदीची सून घरात कशी घेऊ गा? राहू दे. हाये तशीच."