पंपातला सेल मीच देला

थांबा, बाकीचं सगळं सोडा, मले हे आत्ताच सांगू द्या. आज सकाळी घरच्या ग्रुपवर आत्याचा मेसेज आला, का माह्या पोराचा हात भाचीनं वाचवला, पोरीचे उपकार कसे फेडू. खाली वीस-पंचवीस जणायचे हात जोडलेले. मी ते वाचलं अन् चहा तसाच ठेवला. हात मी वाचवला हे खरं हाये. पण त्याच्या आधी काय झालं ते ग्रुपवर कोणालेच माहीत नाही, अन् ते पोटात ठेवून मी आता एक दिवसबी काढू शकत नाही.

आमचं दिग्रसले दुकान हाये, फवारणीचे बॅटरी पंप दुरुस्त करायचं. सीझनमध्ये तं बसायले टाइम नसते. आधी पंपात मोठी जड बॅटरी यायची, आता नव्या पंपात बोटाएवढ्या सेलचे पॅक येतात, लिथियमचे. पॅक उघडायचा, एकेक सेल मीटरवर पाहायचा, मेलेला काढायचा, चांगला जोडायचा. हे काम मी आयटीआय झाल्यापासून करून राह्यली. दोन वर्षं. अन् दोन वर्षं मी उलट्या ठेवलेल्या पंपाच्या टाकीवर बसून करून राह्यली, कारण खुर्ची एकच हाये अन् ती बाबाची. लोखंडाची खुर्ची, बसायच्या जागी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या विणलेल्या. तिच्यावर बसलं का मीटर, वेल्डिंग, स्क्रू ड्रायव्हर सगळं हाताशी येते. त्या खुर्चीवर बाबाशिवाय कोणी बसत नाही. मी एकदा बसलती, तं बाबा म्हणे, "ऊठ, हात बसला का मग बस." माहा हात कधी बसते याची मी वाट पाहून राह्यली, अन् गेल्या आठवड्यात त्या खुर्चीवर कोण बसलं? आत्याचा पोरगा.

तो पुण्यात शिकते. माह्याहून दोन महिन्यानं लहान, म्हणून मले तायडे म्हणते. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडते, रीतच हाये. म्हणजे बाबानं दुकानातले काळे हात पुसले, वाकून त्या बावीस वर्षांच्या पोट्ट्याच्या पाया पडला, अन् म्हणे, "या भाचेबुवा, बसा." कुठं बसा? खुर्चीवर! मी टाकीवरून पाहून राह्यली. पंपाचा स्क्रू माह्या हातात फिरून राह्यला, फिरून राह्यला, त्याचे आटे गेले तरी मले समजलं नाही.

बरं, बसला तं बसला. त्यानं खिशातून एक पितळेची नळी काढली. टॉर्चएवढी. वर एक टोपण, खाली बटन. वेप म्हणते तो त्याले, धूर ओढायचं. आपल्याकडे हे विकणं बंद हाये हे त्यालेबी माहीत होतं, कोणाकडून तरी जुनं आणलं. म्हणे, "मामा, माहा तंबाखूचा खर्रा सुटला याच्यानं." खर्रा सुटला अन् हे लागलं, वा रे वा. पण बाबाले धुराशी घेणंदेणं नव्हतं. बाबानं नळी उघडून पाहिली अन् त्याचे डोळे मोठे झाले.

"याच्यात सर्किट कुठं हाये?"

"नाही मामा. मेकॅनिकल हाये. सेल, बटन अन् कॉइल. बस."

"मंग शॉर्ट झालं तं कोण बंद करते?"

"कोणीच नाही. आपणच ध्यान ठेवायचं."

बाबाले हे लय आवडलं. दिवसभर आमच्याकडे सर्किटच्याच तक्रारी येतात ना. त्यात पोरानं आपल्या हातानं तार गुंडाळून दाखवली, तापून धूर करणारी बारीक कॉइल, सहा वेढे, एकसारखे. बाबानं ती कॉइल उजेडात धरली अन् म्हणे, "तुह्या हाताले वळण हाये बे."

वळण! दोन वर्षांत मी किती पॅक जोडले असतील? एकदाबी बाबा म्हटला नाही का तुह्या हाताले वळण हाये. चुकलं तं सांगते, बरोबर असलं तं चूप राहते. मी मनात म्हटलं, लिहून ठेव बाई, सहा वेढे गुंडाळले का वळण, अन् सहाशे सेल जोडले का काहीच नाही.

दोन दिवस हेच चाललं. तो खुर्चीवर, मी टाकीवर. गिऱ्हाईक आलं तं बाबा आधी भाच्याची ओळख करून देई, मंग पंप घेई. अन् खरं सांगू का, पोरगा वाईट नव्हता. माह्यासाठी चहा तोच आणे. म्हणे, "तायडे, तू मीटर न पाहता कसं ओळखते सेल मेला ते?" मी म्हणो, "सवय." एवढंच. मले त्याच्या चांगुलपणाचाबी राग येऊन राह्यलता.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या सेलचं वेष्टण फाटलं. वरच्या तोंडापाशी, नखाएवढं. त्यानं लगेच बाहेर काढला. हे त्याले पक्कं माहीत होतं, का नळी पूर्ण पितळेची, तीच मायनस, अन् वरून उघडा पडलेला सेल टेकला का डायरेक्ट शॉर्ट. म्हणे, "फाटका सेल नळीत टाकायचाच नाही, कोणी कितीबी म्हटलं तरी." मंग माह्याकडे आला. बाबा तवा बँकेत गेलता.

"तायडे, एखादा नवा सेल हाये का?"

माह्यापाशी एक होता. नवा नव्हता. एका जुन्या पॅकमधून काढलेला, पण मी त्याले नवी निळी स्लीव्ह, म्हणजे वरचं वेष्टण, लावलती, ड्रायरनं गरम करून, एक सुरकुती नाही. बाबाले दाखवायले ठेवलता, का पाहा, वळण मलेबी हाये. तो सेल नव्यावानी चमके.

त्यानं हातात घेतला. विचारलं, "किती अँपिअर देते हा?"

आता इथं मले थांबावं लागते. कारण इथंच सगळं हाये.

पंपातला सेल हळूहळू पाणी फेकायले असते. तीन-चार अँपिअर आरामात देते, त्याच्या वर त्याले घाम फुटते. मले हे माहीत होतं. अन् त्याची कॉइल किती मागते तेबी मी पाहिलतं. सकाळी त्यानं आमच्या मीटरवर मोजली, मीटरनं दाखवलं पॉइंट चार ओहम. त्यानं मोबाइलवर गणित केलं, चार पॉइंट दोन व्होल्ट भागिले पॉइंट चार, साडेदहा अँपिअर. एवढं झेपते म्हणून खूश झाला. पण आमच्या मीटरच्या वायरी जुन्या, दोन टोकं एकमेकाले टेकवली तरी पॉइंट दोन दाखवते. ते आधी वजा करायचं असते. म्हणजे कॉइल होती पॉइंट दोनची, अन् ती मागणार एकवीस अँपिअर. दुकानात झाडू मारणाराबी हे सांगेल, अन् मी सकाळीच सांगू शकत होती. सांगितलं नाही. मनात म्हटलं, खुर्चीवर बसते ना, मंग समजून घे.

म्हणजे तीन-चार देणारा सेल, अन् एकवीस मागणारी कॉइल, अन् मधात बंद करायले कोणी नाही.

मी म्हटलं, "चालते न."

दोन शब्द. आता वाटते, हा आवाज कोणाचा होता? पण माहाच होता. देवाशप्पथ, हात जळावा असं मले वाटलं नव्हतं. मले वाटलं, सेल दबेल, धूर निघणार नाही, बाबासमोर फजिती होईल, बाबा म्हणेल, "ऊठ." बस, तेवढंच पाहिजे होतं मले.

बाबा आला. एक काका पंप घेऊन बसलते, बाभुळगावकडून आलते, त्यायले परतीची एसटी पकडायची होती. पोरानं सेल टाकला, बटन दाबलं, अन् असा धूर निघाला का काका म्हणाले, "बापा! कापसाची जिनिंग चालू झाली का?"

"काका, वास पाहा, आंब्याचा हाये."

"आंबा तं आंबा, पोरी, माहा पंप कर न आधी. का तूबी आमरस पेऊन राह्यली?"

सगळे हसले. बाबा सगळ्यात जास्त हसला. अन् मी पाहून राह्यली, का फजिती काहून होत नाही? त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा. चौथ्या-पाचव्यांदा म्हणे, "गरम होऊन राह्यली बे नळी." अन् हसतच होता, नळी या हातातून त्या हातात घेऊन राह्यला.

तवा वास आला. आंब्याचा नाही. गोडसर, नेलपॉलिशसारखा. हा वास बाबानं मले पहिल्याच दिवशी ओळखायले शिकवलता. म्हणे, "हा वास आला का पाहत बसायचं नाही, विचार करायचा नाही, वाळू." आमच्या दुकानात दाराबाहेर तेलाचा जुना पिपा हाये, कोरड्या वाळूचा. बिघडलेला सेल तिथंच जाते. त्याच्यातूनच थोडी वाळू काढून एक छोटा डबा टेबलाखाली ठेवलेला असते.

मी टाकीवरून कशी उठली, माहीत नाही. डबा उचलला, त्याच्या हाताखाली धरला. "टाक!" तो पाहतच राह्यला. मी त्याच्या मनगटावर जोरात मारलं. नळी डब्यात पडली, मी डबा दाराबाहेर ठेवला अन् पिप्यातली वाळू दोन्ही ओंजळीनं वर टाकली अन् मागं पळाली. मंग आवाज आला. कुकरची शिट्टी अडकल्यावानी. वाळू उडली, पांढरा धूर निघाला, नळीचं बटन कुठंतरी टणकन लागलं. रस्त्यावरचे लोक थांबले. काका पंप तिथंच सोडून नालीच्या पल्याड उभे.

पोराच्या तळव्याले लाल फोड आला. नळी त्या वेळी तोंडाजवळ असती तं? हा विचार मी तवा केला नाही. आता रोज करते.

थंड झाल्यावर बाबानं चिमट्यानं सेल काढला. स्लीव्ह जळाली होती, खाली जुन्या वेल्डिंगचे ठिपके दिसून राह्यले. बाबा ठिपके पाहून भडकला.

"जुन्या सेलवर नवी स्लीव्ह! कोण देला हा तुले?"

माहं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याच्या आधी तो बोलला.

"ऑनलाइन मागवला मामा. स्वस्तात भेटला म्हणून."

त्यानं माह्याकडे पाहिलंबी नाही. त्याले वाटलं, बिचारीनं प्रेमानं दुकानातला सेल देला, आता तिले बोलणं खावं लागेल. अन् मी चूप राह्यली. सकाळी चूप, दुपारी "चालते न", अन् आता पुन्हा चूप. बाबानं भाच्याले असं झापलं का काका मधात पडले, "जाऊ द्या न भाऊ, लेकरू हाये." संध्याकाळच्या एसटीनं तो पुण्याले गेला. अन् बाबा माह्याकडे वळून म्हणे, "हात बसला तुहा. उद्यापासून खुर्चीवर बस."

घ्या! दोन वर्षं ज्याच्यासाठी जीव जाळला ते असं भेटलं. मी बसली चार दिवस. ट्यूबच्या पट्ट्या मऊ असतात असं वाटे मले. नसतात, टोचतात.

म्हणून आज आत्याचा मेसेज वाचून मी उठली अन् म्हटलं, "बाबा, तो सेल मी देलता. पंपातला. मीटरच्या वायरीचंबी त्याले सांगितलं नाही."

बाबा पॅक जोडत होता. मान वर केली नाही. "माहीत असून?"

"हो."

बाबानं हातातला पॅक खाली ठेवला. मंग उठला, स्लीव्हचा रोल माह्या टेबलावरून उचलून वरच्या फळीवर ठेवला, जिथं माहा हात पुरत नाही. म्हणे, "मले कायले सांगते? ज्याचा हात भाजला त्याले सांग."

फोन लावला. तो म्हणे, "अवं पागल, सेल तू देला ते मले माहीत हाये न."

"तसं नाही. तो चालणार नाही हे मले माहीत होतं. तरी म्हटलं."

तिकडं त्याच्या मागं कोणीतरी बादली भरत होतं, पाणी पडायचा आवाज येऊन राह्यला. मंग म्हणे, "काहून?"

"बाबानं तुले खुर्ची देली म्हणून."

"कोणती खुर्ची?"

मी काय सांगू? त्याले आठवतच नव्हतं. तीन दिवस ज्या खुर्चीवर बसला ती कशी होती तेबी त्याले माहीत नाही. तो फक्त बसलता. जळून मी एकटीच राह्यलती.

"क्लास हाये, ठेवतो," म्हणे. ठेवला. दोन तास झाले, मी चार मेसेज केले, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. ग्रुपवर मी आत्याले सगळं लिहिलं, जसं इथं लिहिलं तसंच, अन् आता फोन उलटा ठेवून टाकीवर बसली. खुर्ची रिकामी हाये. बाबाबी तिच्यावर बसला नाही आज, उभ्यानंच काम करून राह्यला.

तुम्हीच सांगा, झालं का तुमच्यासंगं असं? कोणाची थोडी फजिती व्हावी म्हणून माहीत असलेली गोष्ट तुम्ही कधी गिळली का? अन् गिळली असन, तं मंग त्या माणसाले सांगितलं का?