रिसेटआधीची हाक

“मझार कोनी शे का?” आत कुणी आहे का, असं तीनदा विचारल्याशिवाय दादांनी बंद पडलेलं मशीन कधी सुरू केलं नाही. हाक मारून झाली की मान तिरकी करून ते उत्तराची वाट बघत. नंदुरबारच्या आमच्या मिरची कारखान्यात ते इलेक्ट्रिशियन होते, मी ऑफिसात उत्पादनाच्या नोंदी ठेवायचो. मशीनला हाका मारणारा हा माणूस बघून आम्ही सगळेच हसायचो. तुम्हीही हसला असता.

मिरची पुढे ढकलणाऱ्या स्क्रूची मोटर अधूनमधून थांबे आणि मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या पडद्यावर ‘लो टॉर्क’ अशी अक्षरं येत. म्हणजे मोटर फिरत होती, पण तिच्यावर भारच नव्हता, म्हणून ती बंद पडली. पट्टा तुटला असेल, नाहीतर वरच्या हॉपरमध्ये, मिरची ओततात त्या मोठ्या नरसाळ्यात, माल अडकला असेल. बाकीचे रिसेट दाबून मोकळे होत. दादा आधी हॉपरपर्यंत जाऊन येत.

असं का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. जेवणाच्या सुटीत, डबा न उघडताच. पूर्वी ते कापसाच्या एका जिनिंगमध्ये होते. तिथे सरकी वाहणाऱ्या स्क्रूवर हाच अलार्म एका पाळीत चारदा आला आणि चारही वेळा त्यांनी पॅनलवरूनच रिसेट केला. पाचव्यांदा बटण दाबलं तेव्हा त्यांच्याच गावचा, कोरीटचा सोबती अडकलेली सरकी मोकळी करायला आत उतरला होता.

“त्यानी आवाज दिधा व्हता. माले ऐकू उना नही,” ते म्हणाले. “पडद्यावर आकडा वर चढना. माले वाटनं, सरकीना भार उना.”

मागच्या हंगामात एका दुपारी आमच्याकडे तोच अलार्म आला. माल न्यायला दारात ट्रक ताटकळत उभा होता. दादांच्या हाकेला उत्तर आलं नाही, तसा सुपरवायझरने स्वतःच बटणाकडे हात नेला. दादांनी मेन स्विच खाली ओढला, त्याला कुलूप घातलं आणि हॉपरकडे निघाले. मीही मागोमाग गेलो.

हॉपरमध्ये झाडलोट करणारी मावशी बसली होती. ठसका लागू नये म्हणून नाक-कान फडक्यात गुंडाळून ती काठीने मिरचीचे गठ्ठे फोडत होती. दादांनी हात देऊन तिला बाहेर काढलं. सुटी झाली का, असं तिने विचारलं. दादा तिथेच पोत्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांच्यासाठी शाल-श्रीफळ आणवलं. दादा आले ते नोकरी सोडतो म्हणून सांगायला. आता तरी मनावरचं ओझं उतरलं असेल, असं मी म्हणालो. त्यांना बरं वाटावं म्हणूनच म्हणालो.



“तठे जिनिंगमा बी इतलंच करनं व्हतं,” ते म्हणाले. “वीस पावलं चालनं व्हतं.”

मग ते बाहेर पडले. समोरच्या पथारीवर, वाळवणाच्या मोकळ्या मैदानात, मिरची पसरली होती. तिच्यामधल्या अरुंद वाटेने, एकाही मिरचीवर पाय पडू न देता, ते सावकाश रस्त्याकडे निघून गेले.