बेचाळिसावा खिळा

हुसेनभाई गेल्याचा निरोप मला कारखान्याच्या फाटकावर मिळाला. गुरुवार होता, जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. त्यांचा जावई सायकल धरून उभा होता. त्याने फक्त मान हलवली. तीन दिवसांपूर्वी मीच हुसेनभाईंना पुण्याच्या इस्पितळात पोचवून आलो होतो, त्यामुळे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता त्याला दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात, तसं मलाही लिहिता येईल. पण माझं काम स्टोअर सांभाळण्याचं आहे. जे आहे ते आहे तसं मांडायचं, एवढंच मला येतं.

पिंपरीच्या बाजारामागच्या बोळात त्यांचं सुतारकामाचं, छपराचं दुकान होतं. नवं लाकूड ते घेतच नसत. कुठे जुनी धर्मशाळा पाडली, रस्ता रुंद करताना घरं गेली, की हुसेनभाई बैलगाडी घेऊन हजर. तिथल्या तुळयांतून ते पलंग, पेट्या, टेबलं करीत, आणि तीही माणूस बघून. आमच्या घरातलं लिहायचं टेबल त्यांनी माझ्या कोपराच्या उंचीचं केलं, तेव्हा मला तासभर खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. तुळई आली की आधी तिच्यावरच्या प्रत्येक खिळ्याच्या भोकाला खडूने खूण करायची आणि खुणा मोजायच्या. मग खिळे उपटून एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि तेही मोजायचे. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय रंधा हातात घ्यायचा नाही. मोजणं हा माझा धंदा, म्हणून आमची मैत्री जुळली. मला ते मुद्दाम डिवचत, “साहेब, तुमच्या कारखान्यात तरी एवढा हिशेब लागतो का वो?”

गेल्या हिवाळ्यात माझी पत्नी पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात सात आठवडे काढले. घरी येताना डॉक्टर म्हणाले, जमिनीवर झोपवायचं नाही, आणि पलंग असा हवा की बसल्यावर पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. मी वॉर्डातच टेप काढून तिच्या गुडघ्यापर्यंतची उंची मोजली. साडेसतरा इंच. ती लाजली, शेजारच्या खाटेवरच्या बाई हसल्या. हुसेनभाईंना आकडा सांगितला तर म्हणाले, “साडेसतरा? गादी दबंल ते कोण मोजणार? एक इंच वर घेतो. तुमी मोजा, आमी बसवतो.”

लाकूड तळेगावच्या एका पडलेल्या पागेचं होतं. काळं पडलेलं सागवान. सोमवारी पत्नी घरी यायची होती. शनिवारी सकाळी मी दुकानात गेलो, तर हुसेनभाई तुळईसमोर उकिडवे बसलेले. खुणा बेचाळीस, डब्यात खिळे एक्केचाळीस. एक कमी होता. आता प्रत्येक भोकात दाभण घालून बघायचं, म्हणजे अर्धा दिवस गेला असता. मी स्वतः दोनदा मोजलं. आकडे तेच. आणि मी म्हणालो, “एखादा कधीच गळून पडला असेल, हुसेनभाई. भोक आहे, खिळा नाही. रंधा मारा, सोमवार गाठायचाय.”

त्यांनी रंधा हातात घेतला. म्हणाले, “तुमी मोजलंय न्हवं? मग झालं.”

पुढचं मला नंतर कळलं. खिळ्याचं डोकं गंजून गेलं होतं, धड आत होतं. रंध्याचं पातं अडखळलं तसा त्यांनी सवयीने लाकडावरून तळहात फिरवला. खिळा दोन बोटांच्या मधे खोल गेला. तरी सोमवारी पलंग वेळेवर आला. हाताला चिंधी, चिंधीतून हळद दिसत होती. मी विचारलं, तर हसले. “पागेतला घोडा चावला, साहेब.” मीही हसलो. कारखान्यात कुणाला एवढं लागलं असतं तर त्याच तासाला कंपाउंडरकडे पाठवून मी वहीत नोंद केली असती. त्या दिवशी मी पलंगाची उंची मोजली. साडेअठरा भरली, म्हणून समाधानाने मान डोलावली.

आठव्या दिवशी त्यांना भाकरी चावता येईना. त्यांच्या बायकोला, जैतूनभाभींना वाटलं, दाढ दुखतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ ताठ झाली. चिंचवडहून आम्ही त्यांना गाडीने नेलं. इंजिनाने शिट्टी दिली की त्यांचं अंग धनुष्यासारखं वाकायचं. जावई आणि मी दोन्ही बाजूंनी धरून बसलो होतो… पुण्यापर्यंत चार शिट्ट्या झाल्या. डॉक्टरांनी हात बघून विचारलं, “लाकूड कुठलं होतं?” मी म्हणालो, घोड्यांच्या पागेचं. “धनुर्वात,” ते म्हणाले. अंधाऱ्या खोलीत ठेवा, आवाज करू नका, एवढंच सांगितलं. हुसेनभाई शुद्धीवर होते. जबडा मिटलेला, डोळे माझ्यावर. त्यांत राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

चाळिसावा दिवस झाल्यावर जैतूनभाभींनी मला दुकानात बोलावलं आणि तो पत्र्याचा डबा हातात दिला. “तुमच्या लाकडाचे हायेत. दुसऱ्या लाकडात मिसळू नका, असं सांगितलं हुतं त्यांनी.” घरी येऊन मी ते वर्तमानपत्रावर ओतले आणि मोजले. बेचाळीस भरले. शेवटचा अर्ध्या इंचाचा, बिनडोक्याचा. त्याच हाताने तो त्यांनी उपटला असणार, आणि आकडा पुरा करून ठेवला.

हे लिहिण्याआधी मी पत्नीला सगळं सांगितलं. पलंग काढून टाकू का, असंही विचारलं.  ती म्हणाली, “माझ्या गुडघ्याच्या मापाने केलाय त्यांनी. दुसऱ्या कुणाला व्हायचा नाही तो.”

रोज सकाळी ती उजवा हात पलंगाच्या पाटीवर टेकून उठते. पावलं पूर्ण टेकतात, माझा हात लागत नाही. जिथे तिचा अंगठा येतो तिथेच त्या बेचाळिसाव्या खिळ्याचं भोक आहे. तिला ठाऊक आहे. तरी हात तिथेच ठेवते.