कोपऱ्यातलं घड्याळ

दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळचे साडेदहा. रक्कम महिना बारा हजार, म्हणजे माझा पगार. हजर तिघे: हिंगोलीतल्या आमच्या दस्तलेखन कार्यालयाचे मालक, खरेदीखत करायला सेनगावकडून आलेले एक शेतकरी आणि टायपिस्ट म्हणून मी.

उन्हाळ्यात लकव्यानं माझा डावा हात गेला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, हात आला नाही. आमच्या मराठी कळफलकावर निम्मी अक्षरं शिफ्ट दाबूनच उमटतात, आणि एका हातानं शिफ्ट धरून दुसरं अक्षर मारता येत नाही. घरात दुसरी मिळकत नाही. नांदेडला शिकणाऱ्या लेकीनं संगणकातच असलेली एक सोय शोधून काढली. शिफ्ट एकदा दाबून सोडायची, ती पुढच्या अक्षरापुरती थांबून राहते. चुकून दोनदा दाबली गेली तर मात्र ती अडकून बसते आणि पुढची सगळी ओळ भलतीच उमटते. म्हणून तिनं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटं घड्याळ बसवून दिलं. वर वेळ, खाली शिफ्टचा चौकोन. थांबली असेल तर पिवळा, अडकली असेल तर लाल. माझी नजर कायम हस्तलिखित मसुद्यावर असते. तिथून जरा डोळा वळवला की चौकोन दिसायचा. त्या चौकोनाच्या भरवशावर मी पुन्हा कामावर उभा राहिलो होतो.

मालक माझ्यापेक्षा वयानं लहान, मला काका म्हणतात. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "काका, दसऱ्यापर्यंत सांभाळून घेतो. मग एक अख्खा दस्त वेळेत काढून दाखवा. न्हाई तर कळमनुरीची एक पोरगी नऊ हजारात यायला तयार हाय."

तो दस्त त्या दिवशी आला. साडेबाराला नोंदणीची वेळ होती, पानं चार. मी खुर्चीत बसलो आणि पडद्याकडे पाहिलं. खंडेनवमीला मालकांच्या आईनं संगणकाची पूजा केली होती आणि ओल्या कुंकवाचं स्वस्तिक नेमकं उजव्या कोपऱ्यात काढलं होतं. ते वाळून घट्ट बसलं होतं. घड्याळ पूर्ण झाकलेलं.

"साहेब, एवढं पुसू का?" मी विचारलं.

ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "आईनं काढलंय काका. आपोआप जाईल, राहू द्या."

घड्याळ त्या कोपऱ्यातून हलवायचं कसं, हे लेकीलाच ठाऊक. तिचा फोन बंद. वर्गात असणार.

मी सुरू केलं. अर्धं पान झाल्यावर मान वर केली तर चतुःसीमेच्या पाच ओळींत एक अक्षर धड नव्हतं. खोडल्या, पुन्हा मारल्या. आता दर शब्दाला पडदा बघायचा, मग मसुद्यात जागा शोधायची. हाताला घाम, घामानं बोट घसरायचं, शिफ्ट पुन्हा अडकायची. स्वस्तिकाच्या दोन रेघांच्या फटीतून रंग दिसतो का, म्हणून मी मान वाकडी करकरून बघत होतो. दिसत नव्हता.

"काहो टायपिस्टबुवा," शेतकरी म्हणाले, "मशीनला कुंकू लावलं, तर ते नवरीवानी लाजून राहिलं का?"

मी हसलो. हसायलाच पाहिजे होतं.

बाराला दुसरं पान संपलं नव्हतं. शेतकऱ्यांचा आवाज चढला. "विकणारा माणूस तिकडं कचेरीत उभा हाय. त्याचं मन फिरलं तर तुमी देता का जमीन?"

तेव्हा मालक उठून माझ्या मागं आले. माझी वाकडी मान त्यांनी पाहिली, मग कोपरा पाहिला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीत बुडवला आणि स्वस्तिक पुसून टाकलं. एका फटक्यात गेलं. खाली चौकोन लालभडक होता.

उरलेलं सगळं मी एका चुकीशिवाय काढलं. मालकांनी ओळ न् ओळ वाचली. "काम बराबर हाय," ते म्हणाले. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. नोंदणीची वेळ गेली होती, पुढची तारीख सोमवारची मिळाली.

"साहेब, ते दिसत असतं तर..." मी म्हणालो.

"मला कळतंय काका." ते माझ्याकडे न बघता कागद जुळवत होते. "पण पार्टीला काय सांगू? दरवेळी मी मागं उभा राहू का?"

मी आणखी एक महिना मागितला. मग पंधरा दिवस मागितले. मग नऊ हजारातही करतो म्हणालो. ते तोंडातून निघालं तेव्हा शेतकरी चप्पल घालायचं सोडून खाली बघत उभे राहिले. मालकांनी नाही म्हणून मान हलवली.

हिशोब तिथंच झाला. मालकांनी मला अर्ध्या महिन्याचे सहा हजार दिले. त्यातले एकशे साठ मी शेतकऱ्यांच्या हातात ठेवले, सोमवारच्या जादा खेपेचं जीपचं जाण्यायेण्याचं भाडं. ते नको म्हणाले. मी त्यांची मूठ मिटवली.