बाबांच्या शर्टावरचा लाल डाग

एमएस्सीला असताना मी अमरावतीत खोली करून राहायचो आणि दर शनिवारी अकोल्याला घरी जायचो. एका रविवारी आई धुणं पिळता पिळता थांबली. बाबांच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर पोटावर, लाल डाग उमटले होते. त्याच बादलीत आत्याची नवी लाल साडी होती. आत्या आठ दिवसांसाठी आमच्याकडे आली होती.

"बाई, तुमच्या साडीचा रंग गेला," आई म्हणाली.

"माह्या साडीचा रंग जातच नाही."

बस, दोघींचं बोलणं बंद. दुपारी आत्याच माझ्याकडे आली. "तूच निवाडा कर. तुले तं रंगच दिसत नाही, तू कोणाची बाजू घेशील?"

तेही खरंच. मला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. कॉलेजात माझी मैत्रीण कानात रंग सांगायची आणि मी वहीत लिहायचो. पण आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. रंगीत पाण्यातून ते प्रकाश सोडायचं आणि त्यातला कोणता भाग पाण्यानं गिळला त्याचा आलेख काढायचं. प्रत्येक रंगद्रव्याचं शिखर वेगळ्या आकड्यावर. आकडे मला दिसतात.

मी डागाची चिंधी कापली, साडीच्या पदराचे दोरे काढले आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत स्पिरिटमध्ये बुडवले. तिसऱ्या बाटलीत सहज म्हणून घरची हळद घातली. एसटीत शेजारच्या काकांनी विचारलं, "सरबत हाय का?"

"नाही, बाबांच्या शर्टाचा डाग आहे."

काका मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. "कर, पण क्युवेट नीट धू," एवढंच म्हणाले. क्युवेट म्हणजे यंत्रात रंगीत पाणी ठेवायची काचेची छोटी चौकोनी नळी. साडीचं शिखर पाचशेच्या पुढे आलं, डागाचं बरंच अलीकडे. हळदीचं त्याहूनही अलीकडे, चारशे पंचवीसच्या आसपास. म्हणजे दोन्ही नाही? मैत्रीण म्हणाली, "अबे, शर्टाले साबण लागलं होतं ना? हळदीत साबणाचं पाणी टाक." टाकलं. "लाल झालं," ती म्हणाली. हळदीचं शिखर सरकत सरकत डागाच्या शिखरावर जाऊन बसलं.

मी तिथूनच घरी फोन लावला. आईनं स्पीकर सुरू केला.

"साडी निर्दोष आहे," मी म्हणालो. "डाग हळदीचा आहे. साबण लागून लाल झाला."

आत्या म्हणाली, "पाह्य, मी काय म्हणत होती?"

आईला मात्र शनिवार आठवला. शनिवारी तोच शर्ट घालून बाबा नांदगाव खंडेश्वरला साखरपुड्याला गेले होते. डॉक्टरांनी त्यांचं तेल-तिखट बंद केलं होतं आणि घरी येऊन त्यांनी शपथेवर सांगितलं होतं, की फक्त दहीभात खाल्ला.

"दहीभातात हळद कावून आली?" आईनं विचारलं.

"पंगतीत बाजूच्यानं सांडलं असंल," बाबांचा आवाज लांबून आला.

"तुमच्या पोटावर?" आत्यानं विचारलं.

त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी पुन्हा बोलू लागल्या आणि बाबांना मुगाची फिकी खिचडी सुरू झाली. गुरुवारी बाबांचा फोन आला, अगदी हळू आवाजात.

"त्या मशीनले वांग्याच्या भाजीचं तेल बी दिसते का रे?"

"नाही, बाबा. तिला फक्त रंग कळतात."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.