रांगेतली गजूची जागा

गजू काल गेला, आणि त्याच्याबद्दल आख्ख्या गावाला एक खोटी गोष्ट खरी वाटते. माझ्यामुळे.

काविळीनं गेला. अकोल्याच्या दवाखान्यात, दुपारी. मी तेव्हा अचलपूरच्या बसमध्ये होतो. मी कायम कुठल्यातरी बसमध्येच असतो, ते जाऊ द्या.

ज्यांना गजू माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर्यापूरला इक्बालभाईचं व्हिडिओ सेंटर होतं. तिथं पुढच्या बाकावर बसून जो सगळ्यात आधी हसायचा, तो गजू.

एक इंग्रजी पिक्चर लागायचा, हिंदीत डब केलेला. पोलीस ट्रेनिंगला आलेले सगळे येडेगबाळे. कोणी जाड्या, कोणी भित्रा, कोणाला धड परेड जमत नाही. त्याचे सहा का सात भाग निघाले. मी म्हणायचो, पयला सोडला तं बाकी भंगार.

गजू भडकायचा. "पयल्या भागात ते भरती होतेत बे. पुढच्या भागात नोकरी करून राहिले. मले नोकरीवालेच भाग पायजे."

त्या वर्षांत आमच्याकडे सगळ्यांनाच नोकरीवाला भाग पाहिजे होता. कपाशीवर लाल्या रोग, सोयाबीनला भाव नाही, सकाळी पेपर उघडायची भीती. मूर्तिजापूर रोडवर पहाटे ट्रकपेक्षा पोरं जास्त धावायची.

पोलीस भरती.

धावण्यात गजूचा हात कोणी धरत नव्हता. भानगड उंचीची होती. पाहिजे एकशे पासष्ट सेंटिमीटर. गजू झोपून उठला की त्याच्या दोन रेघा, म्हणजे दोन मिलिमीटर, वर. दुपार झाली की दोन-तीन रेघा खाली.

खरं आहे हे. माणूस उभा राहून राहून जरासा दबतो. भरतीवाल्या कोणत्याही पोराला विचारा.

म्हणून मैदानाबाहेर उमेदवार झाडाखाली आडवा, आणि रांगेत त्याच्या जागी दोस्त उभा. गेट जवळ आलं की अदलाबदल. सगळेच करायचे. हवालदारसुद्धा पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

गजूची ही तिसरी भरती. वयात बसणारी शेवटची.

पहाटे मीच त्याला मोजलं. एकशे पासष्टच्या दोन रेघा वर. लगेच आडवा केला. इक्बालभाईच्या टेम्पोत गादी, गादीवर गजू. दर्यापूर ते अमरावती. खड्डा आला की मी त्याचं डोकं धरायचो.

इक्बालभाई पुढून ओरडायचा, "माल सलामत हाय ना बे?"

"भाई, हळू चालवा! इथंच दोन रेघा सांडतीन माह्या!"

वलगाव येईपर्यंत आम्ही हसत होतो.

मैदानाबाहेर ही गर्दी. गजू निंबाखाली आडवा झाला, मी रांगेत उभा राहिलो. इक्बालभाईला पोलिसांनी टेम्पो लांब लावायला पिटाळलं.

गजू झोपल्या झोपल्या म्हणाला, "जागा सोडू नको हं."

"येडा झाला का बे? मी काय लहान हाय?"

नऊ वाजले. दहा वाजले. माझ्यापुढे अजून चाळीसेक जण. रस्त्यापलीकडे चहाची टपरी. टपरीत टीव्ही.

टीव्हीवर तेच. तेच टोपीवाले येडे.

मागच्या पोराला म्हटलं, "भाऊ, दोन मिनटं. जागा पाय."

दोन मिनिटं पाहिलं. मग चहा आला. मग जाड्या शिडीवरून थेट साहेबाच्या अंगावर पडला आणि मी मोठ्यानं हसलो. टपरीवालाही हसला. आम्ही एकमेकांना टाळी दिली.

जाहिरात लागली तेव्हा मागे वळून पाहिलं.

रांग पार सरकली होती.

निंबाखाली गजू नव्हता.

मागच्या पोरानं जागा धरली नव्हती. का धरावी? त्याचीही भरतीच होती. जागा गेलेली पाहून गजू उठून धावत आला होता, आणि हवालदारानं त्याला सगळ्यात शेवटी नेऊन उभं केलं होतं.

"गजू, तू आडवा हो. मी राहतो उभा."

"आता त्यानं तोंड पायलं माहं. जागचा हाललो तं बाहेर काढीन म्हणते."

मी बाजूला उभा राहिलो. तो भिंतीला पाठ टेकून, मान वर ताणून उभा होता. ऊन चढत होतं. मला शिवी घालेल म्हणून वाट पाहत होतो. शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

मान तशीच ताणून म्हणाला, "कोनता भाग होता बे?"

"चौथा वाटते."

"जाड्या पडते तो?"

"हो."

हसला. खरंच हसला.

अडीच तास उभा होता.

मग आत गेला. मी गेटच्या गजांना धरून पाहत होतो. साहेबानं त्याच्या डोक्यावर पट्टी टेकवली. वाकून पाहिलं. पुन्हा टेकवली. गजूनं श्वास रोखला होता. मीही. साहेबानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला हात केला.

एकशे चौसष्ट पॉइंट सात.

परतताना गजू पुढं बसला. इक्बालभाई म्हणाला, "क्या हुआ रे? सकाळी तं बराबर होता ना?"

मी तोंड उघडलं. गजू माझ्या आधी बोलला.

"सकाळीच कमी होतो भाई. यानं आपलं मन राखाले जास्त सांगतलं."

इक्बालभाईनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

तेवढंच. त्यानंतर तो विषय गजूनं कधी काढला नाही. कापसाच्या जिनिंगवर कामाला लागला. गावात त्याला "पाऊण गजू" नाव पडलं. एका लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी तेच ओरडलं. तो वाढत होता, वाढता वाढता हसला. मी समोरच जेवत होतो.

काल काकू, म्हणजे गजूची आई, माझा हात धरून म्हणाली, "पोलीस झाला असता रे लेकरू. पन देवानंच बोटभर कमी देल्लं."

मी पुन्हा मान हलवली. पाणी पिऊन बाहेर आलो.

म्हणून इथं लिहितो. गावातली पोरं हे वाचतील. कोणीतरी काकूला वाचून दाखवा.

काकू, देवानं काही कमी नव्हतं दिलं. गजू पुरा भरत होता. मी जागेवर नव्हतो.

गज्या, तू माझी लाज झाकली. मी तुझी उंची झाकली.

माफ नको करू. सुखानं जा, दोस्ता.